गाडीच्या दारापासून कड्यापर्यंत

ताई, नमस्कार.

मी नाशिकची, वय २९. तो पुण्याचा. आमचं लग्न ठरलंय, दोन्ही घरांची संमती आहे. हॉल, पंगती, वाजंत्री यातलं आम्हाला काही नको. रजिस्टर लग्न करायचं आणि घरच्या बारा माणसांना घेऊन दोन दिवस डोंगरात जायचं, तिथेच एकमेकांना हार घालायचे आणि छान फोटो काढायचे, एवढंच मनात आहे. अपघातानंतर तो कुबड्या घेऊन चालतो, लांब जायचं असेल तर व्हीलचेअर लागते. माझ्या आजीचे गुडघे गेलेत. फोटोग्राफर म्हणतो, हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यासारखी जागा नाही, "सरांना आम्ही पोरं उचलून नेऊ." तो हसून "हो" म्हणाला, पण मला ते लागलं. बाबा म्हणतात, रस्त्याच्या कडेला उभं राहून कसले डोंगरातले फोटो? मैत्रीण म्हणते, सरळ हिमाचलला जा. कुठे जावं, कोणत्या महिन्यात जावं, परवानग्या लागतात का, काहीच सुचत नाही.

— कड्याच्या शोधात, नाशिक


प्रिय मैत्रिणी,

तुला जे लागलं ते लागण्यासारखंच आहे. तेव्हा आधी त्याच्याशी बोल, फोटोग्राफर आणि घरचे समोर नसताना. चारचौघांत कुणी "उचलून नेऊ" म्हटलं की माणूस हसून हो म्हणतो, कारण नाही म्हटलं तर सगळ्यांचा विरस आपल्यामुळे झाला असं त्याला वाटतं. कदाचित त्याला खरंच चालत असेल. मित्रांच्या खांद्यावरून गडावर जायची हौस असणारी माणसंही असतात. पण ते त्यानं आपणहून सांगायला हवं. त्याला एवढंच विचार की स्वतःच्या लग्नाच्या दिवशी किती चालायचंय, कुठे बसायचंय आणि कोणाचा हात घ्यायला आवडेल. उत्तर मिळालं की निम्म्या जागा आपोआप गळतील आणि उरलेल्या निम्म्यांचा विचार करणं सोपं जाईल.

हरिश्चंद्रगड त्यात गळेल असं मला वाटतं. कोकणकडा अप्रतिम आहे, वाद नाही. पण सोप्या समजल्या जाणाऱ्या पाचनईच्या वाटेनंही दोन-तीन तासांची चढण आहे, मध्ये खडकातले टप्पे आहेत आणि तेवढंच उतरायचंही आहे. धडधाकट माणूस नेसत्या साडीत तिथे पोचेपर्यंत दमतो. आजी तर खालीच राहणार. ज्या फोटोसाठी आजीला गाडीत बसवून ठेवावं लागेल तो तुमच्या लग्नाचा फोटो कसा?

आता बाबांच्या शंकेचं. रस्त्याच्या कडेला डोंगर नसतो हे हिमालयात एक वेळ खरं असेल, सह्याद्रीत नाही. सह्याद्री कोकणातून बघितला तर भिंतीसारखा उभा दिसतो, पण देशावरून गेलं तर आपण आधीच वर असतो. नाशिक किंवा पुण्याहून निघालेली गाडी पाच-सहाशे मीटर उंचीवरूनच निघते, पठारावरून, भातखाचरांतून हळूहळू चढत जाते आणि एका जागी जमीन एकदम संपते. खाली थेट कोकण. लाव्हाचे थरावर थर साचून हा डोंगर झाला, म्हणून माथे बरेचसे सपाट आणि पश्चिमेची कड ताशीव. त्यामुळे आपल्याकडे कितीतरी कडे असे आहेत की चढायचं काही नाही, गाडीतून उतरायचं आणि थोडं चालायचं. तुमच्यासाठी जागा शोधताना उंची विचारूच नका. गाडीच्या दारापासून फोटोच्या जागेपर्यंत किती पावलं, किती पायऱ्या आणि पायाखाली काय आहे, हे विचारा.

माझी पहिली पसंती भंडारदरा. तुझ्या घरापासून घोटीमार्गे साधारण सत्तर किलोमीटर, आजीला मध्ये एकदा चहाला थांबवलं की झालं. प्रवरेवरचं विल्सन धरण १९२६ सालचं. त्याच्या मागे पसरलेल्या आर्थर लेकला वळसा घालत रस्ता जातो आणि त्या रस्त्यावर जागोजागी थांबता येतं. पाणी, त्यामागे डोंगरांच्या रांगा, आणि १,६४६ मीटरचं कळसूबाई, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर, ते इथेच. शिखरावर जायची गरज नाही, पाठीमागे असलं की पुरे. पावसाळ्यानंतर जलाशय भरलेला असतो. उन्हाळ्यात पाणी मागे सरकतं आणि चिखलाची कड उघडी पडते, तेव्हा मार्च उलटल्यावर तलावाच्या भरवशावर राहू नका. अगदी पाण्याशी उतार आणि सुटे दगड असतात, तिथे कुबड्यांचं काम नाही. रस्त्याच्या कडेच्या सपाटीवरूनही पाणी पुरेसं दिसतं.

कडाच हवा असेल तर तिथूनच पुढे घाटघर. भंडारदऱ्याहून गाडीनं तासाभराच्या आत पोचता येतं. घाटघरलाही कोकणकडा म्हणतात अशी जागा आहे, आणि फोटोग्राफरला मोठेपणा हवाच असेल तर तो तिथे मुबलक आहे: समोर काहीच नाही, खाली कोकण. हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. वनखात्याच्या नाक्यावर नोंद करून, शुल्क भरून आत जायचं आणि कॅमेरे, स्टँड, पडदे वगैरे लवाजमा असेल तर आधीच वनखात्याशी बोलून ठेवायचं. ड्रोनचा तर हट्टच सोडा. अभयारण्यावर परवानगीशिवाय ड्रोन उडवता येत नाही, आणि कड्यांच्या कपारीत राहणाऱ्या पक्ष्यांना त्याचा जो त्रास होतो तो तुमच्या लग्नाच्या नावावर नको.

घाटघरला जाल तर सकाळी जा. सगळे फोटोवाले संध्याकाळ मागतात, सूर्यास्त मागतात. पण तो कडा पश्चिमेकडे तोंड करून आहे. संध्याकाळी सूर्य समोर असतो, म्हणजे कड्याकडे पाठ करून उभ्या राहिलेल्या माणसांचे चेहरे काळे येतात. दोघांच्या आकृतीचा एखादा फोटो त्यात सुंदर निघतो, बारा जणांचा निघत नाही. हिवाळ्यात सकाळी आठ-साडेआठला ऊन पूर्वेकडून सरळ तुमच्या चेहऱ्यांवर येईल आणि मागचं कोकणही उजळलेलं असेल. शिवाय अंधारात जंगलातल्या वळणांवरून परत यायला नको. संध्याकाळचा वेळ तलावासाठी ठेवा.

पुण्याकडच्या मंडळींनी आग्रह धरला तर महाबळेश्वर-पाचगणी. गर्दी आहे, पण रस्ते, दवाखाने, लिफ्ट असलेली हॉटेलं हे सगळं आहे आणि बारा जणांत दोघांना जपायचं असेल तेव्हा त्याची किंमत मोठी असते. विल्सन पॉइंट १,४३९ मीटर, महाबळेश्वरातली सगळ्यात उंच जागा, आणि गाडी थेट वर जाते. निरीक्षणाच्या मनोऱ्यांना पायऱ्या आहेत, त्यांच्या वाटेला जाऊ नका, खालूनही पूर्वेचं आकाश दिसतं. सूर्योदयाला तिथे थंडी आणि वारा दोन्ही बोचतात, आजीला शाल आणि कानटोपी हवी. पाचगणीच्या वाटेवर पारसी पॉइंट आहे, रस्त्याला लागूनच, खाली कृष्णेचं खोरं आणि धोमचं पाणी. आर्थर सीटचं नाव सगळे घेतात, पण तिथे चालणं आणि पायऱ्या दोन्ही आहेत. टेबल लँड नावाप्रमाणे सपाट आहे, मात्र ती सपाटी लांबून दिसते तशी पायाखाली नाही. जांभ्याचा खडबडीत पृष्ठभाग, खाचा, त्यावर सुटा मुरूम. व्हीलचेअरची पुढची छोटी चाकं नेमकी असल्या खाचांत अडकतात. कुबडीच्या टोकाची रबरी टोपी झिजलेली असेल तर ती मुरमावर सरकते. निघण्याआधी त्या टोप्या नव्या बसवून घ्या आणि एक जोड बरोबर ठेवा, औषधांच्या दुकानात मिळतात. ही वस्तू फोटोग्राफरच्या यादीत कधीच नसते.

माथेरान मी तुम्हाला सुचवणार नाही, आणि ते माझं आवडतं ठिकाण असूनही. तिथे मोटारींना बंदी आहे, दस्तुरी नाक्यावर गाडी सोडावी लागते. पुढे अमन लॉजहून छोटी रेल्वेगाडी मिळते, ई-रिक्षाही सुरू झाल्या आहेत, पण पॉइंटांवर जायच्या वाटा लाल मातीच्या, मुळांच्या, चढउताराच्या. रायगडाला रोपवे आहे, चार-पाच मिनिटांत वर नेतो, आणि त्यामुळे आजीला महाराजांची समाधी बघायला मिळेल. जरूर न्या. पण फोटोसेशनसाठी नको. वर चाल बरीच आहे, पुरातत्त्व खात्याच्या वास्तूंमध्ये ट्रायपॉड लावून, लवाजम्यासह चित्रीकरण करायला परवानगी लागते, आणि माझं स्वतःचं मत विचारशील तर गडावर जाऊन नमस्कार करावा, कपडे बदलून बदलून फोटो काढू नयेत. कासच्या फुलांबद्दलही तेच. त्या पठारावर माती जेमतेम असते, फुलं तेवढ्यातच उगवतात, आणि एका जोडप्याला बसायला जागा करून दिली की त्यामागे पन्नास जोडपी बसतात. फुलांत मांडी घालून बसलेले फोटो कितीही गोड दिसोत, त्याखाली काय चिरडलं गेलं ते फोटोत येत नाही.

हिमाचल सुंदर आहे, पण बारा जणांना घेऊन, हिवाळ्यात, कुबड्यांसह जायचं ठिकाण ते नव्हे. मनाली दोन हजार मीटरच्या आसपास. तिथून अटल बोगद्यातून तासा-दीड तासात सिस्सूला पोचता येतं, जे तीन हजारांच्याही वर आहे. मध्ये शरीराला सवय व्हायला वेळच मिळत नाही. अडीच हजार मीटरच्या वर विरळ हवेचा त्रास कोणालाही होऊ शकतो आणि आजीला रक्तदाब किंवा दम्याचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय तो विचारही नको. गोठलेल्या रस्त्यावर कुबडी टेकत नाही, घसरते. तुम्ही दोघं नंतर, सावकाश, मे-जूनमध्ये जा.

महिन्याचं म्हणशील तर नोव्हेंबरचा मध्य ते जानेवारीअखेर. पावसाळ्यातल्या ढगांची हौस मी समजू शकते, माझ्याही डोळ्यांसमोर घाटमाथ्याचा पाऊस आला की दुसरं काही सुचत नाही. पण जुलै-ऑगस्टमध्ये कडा ढगात गेला की तीन-तीन दिवस बाहेर येत नाही, तुमच्या फोटोंत मागे पांढरा पडदा येईल, तो तर नाशकातल्या स्टुडिओतही मिळतो. शेवाळलेला जांभा आणि कुबड्या ही जोडी धोक्याची. दरडी कोसळतात, धबधब्यांवर आणि घाटांत जिल्हाधिकाऱ्यांचे मनाई आदेश निघतात, आणि ते उगाच निघत नाहीत. जून २०२४च्या अखेरीस लोणावळ्याला भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली माणसं वाहून गेली, सहलीलाच आली होती. हिरवाई हवीच असेल तर सप्टेंबरचा शेवट ते ऑक्टोबरचे पहिले दिवस बघा, सोनकीच्या फुलांनी उतार पिवळे झालेले असतात. एखादा दिवस पावसाचा जाईल हे धरून एक मुक्काम जास्त ठेवा. मार्चनंतर हवेत धूसरपणा येतो आणि कोकण दिसेनासं होतं.

हिवाळ्यात गवत वाळलेलं असतं हे मात्र विसरू नका. रंगीत धुराच्या नळकांड्या फोटोत मस्त दिसतात, पण त्यांची एक ठिणगी अख्खा माळ पेटवू शकते. आणि सह्याद्रीच्या कड्यांना आग्या मोहोळं लटकलेली असतात. धूर, फटाके, उग्र अत्तर यांनी ती उठतात. उठल्यावर पळू शकणारा माणूस पळतो, तुमच्यातले दोघे पळू शकत नाहीत. अत्तराऐवजी गजरा माळ, आजीला तोच जास्त आवडेल.

लग्नाच्या कायदेशीर भागाकडे आताच बघा, कारण तारखा त्यावरच ठरतील. विशेष विवाह कायदा, १९५४ प्रमाणे लग्नाची नोटीस द्यावी लागते, आणि ती अशा जिल्ह्यात द्यावी लागते जिथे तुमच्यापैकी एक जण किमान तीस दिवस राहतोय. नोटिशीनंतर तीस दिवस थांबायचं. नोटिशीपासून तीन महिन्यांच्या आत लग्न झालं नाही तर पुन्हा नवी नोटीस. लग्नाच्या वेळी तीन साक्षीदार. डिसेंबरात डोंगरात जायचं तर ऑक्टोबरात नोटीस लागली पाहिजे. आता तुला सुचलं असेल की विवाह अधिकाऱ्यांनाच भंडारदऱ्याला बोलवावं. कार्यालयाबाहेर, वाजवी अंतरावर, जादा शुल्क भरून लग्न लावायची सोय कायद्यात आहे, पण भंडारदरा अकोले तालुक्यात, म्हणजे अहिल्यानगर जिल्ह्यात येतं, नाशिकच्या अधिकाऱ्यांना तिथे अधिकार नाही. सह्या नाशकात करा, हार डोंगरात घाला. मात्र कार्यालय कितव्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट चालू असते का, हे नोटीस द्यायला जाशील तेव्हाच बघ. सगळं डोंगराचं नियोजन नीट झालं आणि नवरदेव सरकारी जिन्याशी अडला असं व्हायला नको. जिना असेल तर हीच कार्यालयाबाहेरची सोय नाशकातच, तुमच्या घरी वापरता येते का ते अधिकाऱ्यांना विचार.

राहायला तळमजल्यावरच्या खोल्या मागा. त्याची व्हीलचेअर घरी टेपनं मोजा आणि हॉटेलवाल्याला खोलीचं आणि न्हाणीघराचं दार मोजून सांगायला लावा. "हो हो, जाते आरामात" या उत्तरावर समाधान मानू नका, सेंटिमीटर मागा. बहुतेक ठिकाणी खोलीचं दार रुंद असतं आणि न्हाणीघराचं अरुंद. कमोडच्या बाजूला धरायला दांडी नसेल तर निदान हात टेकायला पक्की खुर्ची मागून घ्या. फोटोच्या जागी स्वच्छतागृह नसणार हे गृहीत धरून वेळ आखा. दीड-दोन तासांपेक्षा जास्त सलग काम ठेवू नका, आणि गाडीत दोन घडीच्या खुर्च्या टाका, एक आजीला आणि एक त्याला.

फोटोग्राफर तुझ्या ओळखीचा आहे, काम चांगलं करत असेल, तर त्याला एक संधी दे. त्याला सांग की कड्याच्या टोकाशी कोणी उभं राहणार नाही. कडेपासून दहा-पंधरा पावलं आत उभे राहिलात आणि त्यानं लांब पल्ल्याची लेन्स लावून, कॅमेरा खाली धरून फोटो काढला, तर मागचे डोंगर जवळ ओढले जातात आणि मधली जमीन दिसत नाही. बघणाऱ्याला तुम्ही कड्यावरच वाटता. हे कुठल्याही जाणत्या फोटोग्राफरला येतं. नवरदेव बसलेला असेल तेव्हा कॅमेरा त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर आला पाहिजे, वरून खाली बघणारा नको. तू कधी शेजारी बस, कधी खुर्चीच्या हाताला टेकून उभी राहा, सारखं वाकू नकोस. आणि कुबड्या फोटोत ठेवायच्या की बाजूला, हे तो ठरवेल. फोटोग्राफरनं आपणहून त्या झाडामागे लपवायच्या नाहीत किंवा "प्रेरणादायी" म्हणून मुद्दाम पुढेही आणायच्या नाहीत.

बाबांना वाईट वाटतंय ते फोटोंमुळे असेल असं मला वाटत नाही. मुलीच्या लग्नात आपण कोणाला बोलावलंच नाही, याचं ते दुःख असावं. परत आल्यावर नाशकात एक साधं जेवण ठेवा, पन्नास-साठ माणसांचं, आणि त्याची सगळी सूत्रं त्यांच्याकडे द्या. आणि भंडारदऱ्याला जाण्याआधी एखाद्या रविवारी त्यांनाच घाटघरला घेऊन जा. पुढच्या कामासाठी कोणीतरी जाऊन यायलाच हवं.

ते काम असं. गाडी जिथे थांबेल तिथे दार उघडल्यापासून फोटोच्या जागेपर्यंत मोबाईल जमिनीकडे धरून, मध्ये न थांबवता, एकच सलग व्हिडिओ काढायचा. पावलं मोठ्यानं मोजायची. पायरी आली की तिच्याशेजारी पाण्याची बाटली उभी करून उंची दाखवायची. कठडा असेल तर हलवून बघायचा. मग तो व्हिडिओ तुझ्या होणाऱ्या नवऱ्याला दाखव. तो स्वतःच सांगेल, इथपर्यंत कुबड्यांवर, पुढे खुर्चीवर, किंवा ही जागा नकोच. त्याचं ठरलं की खोल्या बुक कर. तुम्हाला जाऊन यायला जमणार नसेल तर हेच काम फोटोग्राफरला सांग, त्याचे वेगळे पैसे दे. आणि त्यानं टाळाटाळ केली, "ताई, काळजी करू नका, आम्ही पोरं आहोत ना" असंच पुन्हा म्हणाला, तर दुसरा बघ. नाशकात चांगले फोटोग्राफर पुष्कळ आहेत.

तुझी,
ताई